आत्याच्या फोनवर फोटो उघडला पाहिजे



आपल्या ग्रुपवर बहुधा जुन्या इंदूरच्या आठवणी येतात. वाड्यातल्या, रामबागेतल्या, सराफ्यातल्या. आज मी थोडं वेगळं लिहिणार आहे, पण शेवटी तेही आठवणींबद्दलच आहे. पोस्ट लांबली आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

मी गेली बावीस वर्षं इंदूरमध्येच सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत निघावा अशी माझ्या वडिलांची फार इच्छा होती. छापील पुस्तकाचं काम रेंगाळत गेलं, तेव्हा मी आणि माझा भाचा, आम्ही दोघांनी मिळून घरच्यांसाठी एक लहानसं ॲप तयार केलं. प्रत्येकाने आपल्या फोनच्या गॅलरीतून जुने फोटो निवडून त्यात टाकायचे आणि ज्याला जो चेहरा ओळखू येईल त्याने त्याखाली नाव लिहायचं, एवढंच काम. इंदूर, देवास, धार, पुणे, ठाणे, थेट न्यू जर्सीपासून फोटो आले. साडेसहाशे झाले! त्यातल्या निम्म्याहून जास्त फोटोंत एक तरी चेहरा असा होता, की हा कोण ते आमच्या पिढीत कोणालाच सांगता येईना.

सांगू शकणारी एकच व्यक्ती उरली आहे. आमची आत्या. वय 86, राहणार लोकमान्यनगर. मल्हारगंजातल्या वाड्यात कोण कुठल्या खोलीत झोपायचं, इथपासून तिला सगळं पाठ. दिवाळीत भाच्याने तिच्या फोनवर ॲप टाकून दिलं, कसं वापरायचं ते दाखवलं आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, आत्याकडून एकही नाव आलं नाही. आम्हाला वाटलं, तिला कंटाळा आला असेल. वय झालं, आठवत नसेल. खरं सांगते, मी तसं एकदा घरात बोलूनही दाखवलं.

रंगपंचमीला सगळी मुलंबाळं गेर बघायला राजवाड्यावर गेली आणि मी आत्यापाशी थांबले. सहज विचारलं, "आत्या, फोटो बघितलेस का ग?" ती जरा ओशाळली. म्हणाली, "अगं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय. नुसतं गोल गोल फिरून राहतं आणि मग आपोआप बंद होतं. तुम्ही एवढ्या हौसेनं केलंत, म्हणून मी काही बोलले नाही."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि ॲप उघडलं. राखाडी चौकोन दिसले, त्यावर फिरणारी चकरी. एक फोटो आला, दुसरा अर्धा आला आणि ॲप धाडकन बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. साडेचार महिने ती बिचारी रोज दुपारी हे करत होती आणि स्वतःला दोष देत होती. आणि या साडेचार महिन्यांत तिच्या डोळ्याच्या पडद्याचं दुखणं वाढलं होतं. उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचा चेहरा आता तिला धूसर दिसतो.

ही चूक फोनची नव्हती, आत्याची तर नव्हतीच. चूक माझी होती. बावीस वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईची.

काय चुकलं ते सगळ्यांना कळेल असं सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच घरांत मुलं-सुना हेच काम करतात.

फोटोची फाइल म्हणजे घडी घातलेलं नऊवारी. कपाटात ठेवलं तर एक कोपरा पुरतो, पण उलगडलं की माजघर व्यापतं. आजकालच्या फोनचा साधा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4032 गुणिले 3024 ठिपक्यांचा असतो. फाइल म्हणून तो तीन-चार एमबीत मावतो. पण पडद्यावर दाखवायचा म्हणून उलगडला, की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात आणि त्याचे जवळजवळ 49 एमबी होतात. आमच्या ॲपमध्ये एका वेळी चोवीस चौकोन दिसत होते. चोवीस नऊवारी एकदम उलगडायची म्हणजे सुमारे 1,170 एमबी. आत्याच्या फोनची सगळी मिळून रॅम 3 जीबी, त्यातली बरीचशी फोनच्या स्वतःच्या कामाला लागलेली. एवढी जागा मागणाऱ्या ॲपला फोन सरळ बाहेर काढतो. तेच चाललं होतं.

आता गंमत बघा. तिच्या फोनचा पडदा 720 ठिपके रुंद आहे. एका ओळीत तीन चौकोन, म्हणजे एका चौकोनाला 240 ठिपके. तेवढ्याच मापाचा फोटो मागितला असता तर चोवीस चौकोनांना मिळून साडेपाच एमबी पुरले असते. दिसणार होतं ते दोन्हीकडे अगदी सारखंच!

दुसरी चूक त्याहून वाईट. आम्ही ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये केलं होतं. फेसबुकने 2015 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं हे फ्रेमवर्क. एकदा लिहायचं आणि आयफोन, अँड्रॉइड दोन्हीकडे चालवायचं. यात कामाचे दोन भाग असतात. एक फोनच्या आपल्या भाषेत चालतो, दुसरा जावास्क्रिप्टमध्ये, आणि जुन्या पद्धतीत या दोघांमध्ये निरोप जायचे ते मजकुराच्या रूपात. फोटो फोनच्या बाजूला असतो. जावास्क्रिप्टने फक्त त्याचा पत्ता द्यावा आणि चित्र दाखवायचं काम फोनच्या बाजूवर सोपवावं, अशी रीत आहे. आम्ही काय केलं, तर अख्खा फोटो वाचून त्याचा बेस-64 मजकूर केला, म्हणजे तो आणखी एक तृतीयांशाने फुगला, आणि तो मजकूर इकडून तिकडे पाठवत बसलो. पाहुण्याला सराफ्यात कचोरी खायची असेल तर दुकानाचा पत्ता सांगावा. आम्ही भट्टीच उचलून घरी आणत होतो.

तिसरी चूक पंगतीची. एका पंगतीला चोवीस पानं बसणार, हे माहीत असताना कोणी साडेसहाशे पानं एकदम वाढून ठेवत नाही. आम्ही ठेवली होती. फ्रेमवर्कमध्ये लांब याद्यांसाठी वेगळी सोय असते. पडद्यावर दिसणारे आणि त्याच्या थोडे वर-खालचे चौकोनच ती तयार करते. आम्ही ती वापरली नाही, कारण माझ्या फोनवर तिच्यावाचून काही अडत नव्हतं. आत्या पुढे सरकली तरी मागचे फोटो येतच राहायचे. उठून गेलेल्या माणसाच्या पानावर वाढत राहावं, तसं.

मग भाचा आणि मी आठ रात्री बसलो आणि हे सगळं बदललं. त्यात आमची हुशारी फारशी नाही, सोय आधीपासून होती. ॲपलने 2014 मध्ये आयओएस 8 बरोबर फोटोंसाठी नवी व्यवस्था आणली. तिला माप सांगितलं की त्या मापाचा फोटो मिळतो. आधी हाताशी असेल तो धूसर दे आणि मागून स्पष्ट दे, असंही सांगता येतं. मूळ फोटो आयक्लाउडवर असेल तर तो इंटरनेटवरून ओढायचा की नाही, हेही आपल्याला ठरवता येतं. गॅलरीकडून तयार लहान फोटो मागण्याची सोय अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीतही आहे. रिॲक्ट नेटिव्हच्या आयफोनसाठीच्या कोडमध्ये तर अगदी सरळ हिशेब दिसतो: चौकोनाचं माप कळलं तर त्या मापाचा फोटो मागायचा, नाही कळलं तर सगळ्यात मोठा. म्हणजे माप न सांगणाऱ्याच्या गळ्यात आपोआप सगळ्यात जड फोटो पडतो. शिवाय तो कोड एकदाच आणि चांगल्या प्रतीचा फोटो मागतो, तेव्हा आधी धूसर मग स्पष्ट हवं असेल तर ते काम आपल्याला करावं लागतं. आम्ही ते केलं. एकदा तयार झालेला लहान फोटो जपूनही ठेवला, म्हणजे दुसऱ्या दिवशी तोच उद्योग पुन्हा नको.

आता माझं मत सांगते. त्यासाठीच ही पोस्ट लिहायला घेतली.

पहिलं म्हणजे, ॲप चालतं की नाही हे बनवणाऱ्याच्या फोनवर ठरवू नये. घरातला सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त फोन सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात असतो. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना आईकडे जातो, ही आपल्याकडची रीतच आहे. म्हणजे ज्यांच्यापाशी सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, त्यांच्या हातात सगळ्यात अशक्त यंत्र. भाचा म्हणाला, "मावशी, दोन वर्षांत सगळ्यांकडे 8 जीबीचे फोन येतील, कशाला एवढा जीव काढायचा?" मी म्हटलं, "अरे, फोनला दोन वर्षं आहेत. आत्याच्या डोळ्यांना आहेत का?" तो काही बोलला नाही.

दुसरं, तरुण माणूस ॲप अडकलं की ॲपला शिव्या देतो. म्हातारं माणूस स्वतःला दोष देतं आणि गप्प बसतं. त्यामुळे तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नये. फिरणाऱ्या चकरीखाली निदान "फोटो येतोय, नेट मंद आहे, तुमचं काही चुकलेलं नाही" एवढं मराठीत लिहायला काय जातं? आम्ही आता लिहिलंय.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. दाखवताना लहान, जपताना मूळ. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. फोटो जड जातो म्हणून काही ॲपं मूळ फोटोच बारीक करून ठेवतात. काम हलकं होतं हे खरं, पण गेलेले ठिपके परत येत नाहीत.

फोटोवाल्यांना हे शहाणपण पूर्वीपासून होतं. लाला दीनदयाळ यांचं नाव आपण हैदराबादच्या निजामाशी जोडतो, पण त्यांची सुरुवात आपल्या इंदूरची आहे. रुडकीला शिकून ते 1866 मध्ये इथे बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रकं करायला लागले आणि 1874 च्या सुमाराला त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) त्यांना उत्तेजन दिलं. डेली कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या सर हेन्री डेलींनीही दिलं. त्या काळी फोटो काचेच्या पट्टीवर उतरायचा. गिऱ्हाईक कागदावरची प्रत घेऊन जायचं आणि काच स्टुडिओत राहायची. पुढे फिल्म आली तेव्हाही 36 फोटोंच्या अख्ख्या रोलचे इवले इवले ठसे एका कागदावर काढून बघायचे, त्यातला हवा तो निवडायचा आणि तेवढाच मोठा करायचा. निगेटिव्ह मात्र पाकिटात, नंबर घालून. फोनच्या गॅलरीतले चौकोन म्हणजे तो ठशांचा कागद. मोठा फोटो एकच, ज्यावर बोट ठेवलं तो. आणि निगेटिव्हला कोणी कात्री लावत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमच्या घरात काय घडलं ते ऐका.

माझ्या वडिलांच्या मुंजीचा एक फोटो आहे, 1951 चा. वाड्याच्या चौकात काढलेला, सहा बाय आठ इंचांचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मूळ प्रत देवासच्या काकांकडे. आम्हा सगळ्यांच्या फोनवर तो होता, पण फॉरवर्ड होत होत आलेला, 1200 ठिपके लांबीचा. त्यात मागे माजघराच्या दारात एक बाई अर्धवट दिसते. आम्ही सगळे म्हणायचो, स्वयंपाकाला आलेल्या काकू असतील. ॲपसाठी भाच्याने देवासला जाऊन मूळ प्रत इंचाला 600 ठिपक्यांनी स्कॅन केली. त्या फोटोतला दारातला चेहरा जेमतेम तीन मिलिमीटरचा. स्कॅनमध्ये त्याला सत्तरेक ठिपके मिळतात. फॉरवर्ड झालेल्या प्रतीत अठराच्या आसपास. अठरा ठिपक्यांत नाक-डोळे कळत नाहीत, नुसता डाग दिसतो.

चैत्रात आत्याच्या फोनवर ॲप नीट चालायला लागलं. चौकोन भराभर भरले. तिने मुंजीचा फोटो उघडला. मोठा करायला शिकवलं होतं, दोन बोटांनी. आधी बटूपाशी थांबली, मग आजोबांपाशी. मग फोटो सरकवत दारापाशी नेला, डावा डोळा फोनजवळ आणला आणि बराच वेळ बोललीच नाही.

मग म्हणाली, "या काकू नव्हेत गं. ही जिजी."

जिजी म्हणजे आजोबांची चुलत बहीण. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा, मग जन्मभर आमच्या वाड्यात. माझे वडील, आत्या, दोघे काका, चौघांनाही तिनेच वाढवलं. तिच्या हातच्या गोष्टी, तिची शिस्त, तिची सांजवात, सगळं आम्ही ऐकत मोठे झालो. फोटो मात्र एकही नाही, असंच सगळे धरून चालले होते. मंगलकार्यात विधवेने पुढे यायचं नाही, हा त्या काळचा नेम. ती आली नाही. दारात उभी राहून बघत होती, आणि फोटोवाल्याच्या काचेने तिला तेवढं टिपलं. चौऱ्याहत्तर वर्षं ती त्या फोटोत होती. मुंज ज्याची झाली ते माझे वडील तिचा चेहरा पुन्हा पाहावा म्हणून हळहळत गेले, आणि तो फोटो त्यांच्या कपाटावर लावलेला होता. पण तो फोटोचा फोटो, धूसर.

विचार करा. ॲप भराभर उघडलं नसतं तर आत्या त्या फोटोपर्यंत पोचली नसती. आणि मूळ फोटो जपला नसता तर पोचूनही उपयोग झाला नसता. दोन्ही लागतं.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळं गुगल फोटोजवर टाका. टाका ना, मीही टाकते. पण तिथे अमर्याद फुकट जागा होती ती 1 जून 2021 पासून बंद झाली, आणि फुकट होती तेव्हाही ती मूळ फोटोंसाठी नव्हती, बारीक केलेल्या प्रतींसाठी होती. साठवायची जागा कुठलीही घ्या. आत मूळ जातंय की नक्कल, एवढं एकदा बघा.

आणखी एक मनात येतं. आपले यशवंतराव होळकर आणि संयोगितादेवी यांचे फोटो मॅन रे यांच्यासारख्या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने काढले. 2019 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं. राजांचं जपायला जग आहे. वाड्याच्या दारात उभ्या राहिलेल्या जिजीचं जपायला आपल्यावाचून कोण आहे?

तेव्हा मंडळी, दोन विनंत्या. ज्यांची मुलं ॲपं बनवतात त्यांनी त्यांना हे वाचायला द्या आणि सांगा, की काम पुरं झालं असं म्हणण्याआधी ते आजीच्या फोनवर चालवून बघ. आणि ज्यांच्याकडे जुने फोटो आहेत त्यांनी मूळ प्रत चांगली स्कॅन करून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो बारीक होत नाही.

आत्या आता रोज दुपारी दहा फोटो बघते. त्याहून जास्त डोळा चालत नाही. आत्तापर्यंत तिने 212 चेहऱ्यांना नावं दिली आहेत. काही फोटोंपाशी ती थांबते आणि म्हणते, "हा दिवाळीत दाखवला असतास तर सांगितलं असतं गं. आता दिसत नाही नीट." मी पुढचा फोटो उघडते. तो लगेच उघडतो.

चूकभूल द्यावी घ्यावी. तुमच्या घरच्या जुन्या फोटोंत असं दारात कोणी उभं असेल तर जरूर लिहा.